कार्ड बंद केलं तर सिबिल किती हलतं?

‘कार्ड बंद करू नका, सिबिल पडेल.’ हे वाक्य हल्ली तीन ठिकाणी हमखास ऐकू येतं. वार्षिक फी कापली म्हणून चिडून कस्टमर केअरला फोन लावला की पलीकडून, मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये, आणि ऑफिसात डबा खाताना शेजारच्या टेबलावरून. सांगणाऱ्याचा स्वर ठाम असतो, पण किती पडेल, का पडेल आणि किती दिवसांसाठी, हे विचारलं की गाडी अडते. या सल्ल्यात तथ्य आहे, पण सांगितलं जातं त्याहून बरंच कमी. उलट कार्ड बंद करताना ज्यामुळे माणसाचं खरोखर नुकसान होतं, त्याबद्दल या तिन्ही ठिकाणी फारसं कुणी बोलत नाही.

आधी ही यंत्रणा पाहू. क्रेडिट इन्फर्मेशन ब्यूरो (इंडिया) लिमिटेड म्हणजे सिबिल ही कंपनी 2000 साली मुंबईत स्थापन झाली. 2005 साली पतविषयक माहिती गोळा करणाऱ्या कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि आज रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघी 300 ते 900 या पट्टीवर गुण देतात, पण प्रत्येकीचं सूत्र वेगळं. त्यामुळे एकाच माणसाचे एकाच दिवशी चार वेगळे स्कोअर निघू शकतात. तरीही बोलीत सगळ्यांना मिळून ‘सिबिल’च म्हणतात. पीककर्जासाठी बँका शेतकऱ्यांकडे सिबिल मागतात यावरून राज्यात जे राजकारण तापलं, त्यानंतर तर शेतीच्या बांधावरही हा शब्द पोचला आहे.

स्कोअरचं नेमकं सूत्र कंपन्या उघड करत नाहीत. त्यात काय काय मोजलं जातं ते मात्र ठाऊक आहे. हप्ते आणि बिलं वेळेवर भरली का, मिळालेल्या उधारीच्या मर्यादेपैकी किती वापरली, खाती किती जुनी आहेत, गृहकर्जासारखं तारणी आणि कार्डासारखं बिनतारणी कर्ज यांचं प्रमाण काय, आणि अलीकडे किती ठिकाणी कर्जासाठी अर्ज केले. ‘कार्ड बंद केलं’ हा यात स्वतंत्र मुद्दा नाही, त्यासाठी थेट गुण कापले जात नाहीत. बंद केल्याचा जो काही परिणाम होतो तो या इतर गोष्टींमधून, आडवाटेने होतो. त्यातली सगळ्यात मोठी आडवाट म्हणजे वापराचं प्रमाण.

समजा, नाशिकच्या एका प्राध्यापिकेकडे दोन कार्डं आहेत. एकाची मर्यादा 3 लाख, दुसऱ्याची 1 लाख. दोन्ही मिळून महिन्याचा खर्च 60 हजार. म्हणजे 4 लाखांपैकी 60 हजार, 15 टक्के वापर. त्यांनी 1 लाखाचं कार्ड बंद केलं आणि सगळा खर्च दुसऱ्यावर नेला, तर प्रमाण 20 टक्के होईल. फारसं काही बिघडणार नाही. पण 3 लाखांच्या कार्डाची फी जास्त म्हणून ते बंद केलं, तर तेच 60 हजार आता 1 लाखापैकी मोजले जातील आणि प्रमाण 60 टक्क्यांवर जाईल. बाईंनी एक रुपयाही जास्त खर्च केलेला नाही, एकही बिल चुकवलेलं नाही, तरी सूत्राच्या लेखी त्या अचानक ओढाताणीत सापडलेल्या दिसतात. स्कोअर घसरतो तो इथे.

30 टक्क्यांच्या खाली राहा, असं सर्रास सांगितलं जातं. हा आकडा कुठल्या कायद्यात किंवा रिझर्व्ह बँकेच्या नियमात नाही. 29 टक्क्यांवर शाबासकी आणि 31 वर छडी, असंही सूत्र चालत नाही. जितकं कमी तितकं बरं, एवढाच त्याचा अर्थ.

या हिशेबात आणखी एक मेख आहे आणि ती वेळेवर बिल भरणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. बँक या कंपन्यांना, म्हणजे ब्यूरोंना, थकबाकी कळवते ती साधारण स्टेटमेंट निघतानाची. तुम्ही देय तारखेच्या आधी पै न् पै भरता, व्याजाचा एक रुपया कधी दिलेला नाही, तरी स्टेटमेंटच्या दिवशी कार्डावर 60 हजार उभे असतील तर अहवालात 60 हजारच दिसतात. म्हणून मोठं कार्ड बंद करायचंच असेल तर उपाय साधा आहे. पुढचे काही महिने उरलेल्या कार्डाचं बिल स्टेटमेंट निघण्याआधीच बहुतांश भरून टाकायचं. प्रमाण आपोआप खाली येतं.

आणि ते खाली आलं की स्कोअरही वर येतो. जुन्या पद्धतीच्या सूत्रांना या बाबतीत स्मरणशक्ती नसते. ती आजचं प्रमाण पाहतात, सहा महिन्यांपूर्वीचं नाही. नवी सूत्रं मागच्या अनेक महिन्यांचा कल बघू लागली आहेत, त्यामुळे ‘एका महिन्यात सगळं पूर्ववत’ असं छातीठोक सांगता येणार नाही. पण चुकलेल्या हप्त्याचा डाग आणि वापराच्या प्रमाणातली वाढ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला वर्षानुवर्षं अहवालात राहतो, दुसरी पुढच्या स्टेटमेंटबरोबर बदलू शकते. शिवाय 1 जानेवारी 2025 पासून बँकांनी ब्यूरोंना दर पंधरवड्याला माहिती द्यावी असा नियम रिझर्व्ह बँकेने लागू केला. घसरण लवकर दिसते आणि सुधारणाही.

एकाच बँकेची दोन कार्डं असतील तर बऱ्याचदा दोन्हींची मर्यादा मिळून एकच असते. 2 लाखांच्या मर्यादेवर दोन कार्डं, एकावर वापरलं की दुसऱ्याचं कमी होतं. अशा जोडीतलं एक बंद केल्याने हाताशी असलेली उधारी कमी होत नाही. बंद करण्याआधी बँकेला हे एकदा विचारून घ्यावं.

आता दुसरी भीती, वयाची. ‘सगळ्यात जुनं कार्ड कधीच बंद करू नका, तुमचा इतिहास पुसला जाईल.’ हा सल्ला मुळात अमेरिकेतला आहे, आणि गंमत म्हणजे तिथेही तो इतक्या सरळ अर्थाने खरा नाही. अमेरिकेत फिको या कंपनीचा स्कोअर 1989 पासून चालतो. तिने आपल्या घटकांचं ढोबळ वजन जाहीर केलं आहे: परतफेडीचा इतिहास 35 टक्के, थकीत रकमा 30, इतिहासाची लांबी 15, नवी उधारी 10 आणि कर्जांचं मिश्रण 10. ही टक्केवारी मराठीत ‘सिबिलचं सूत्र’ म्हणून जशीच्या तशी फिरताना दिसते, ते चूक आहे. महत्त्वाचं असं की नीट फेडून बंद केलेलं खातं अमेरिकेतल्या अहवालात 10 वर्षांपर्यंत राहतं आणि फिको त्याचं वय तोवर धरत राहते. म्हणजे 12 वर्षं जुनं कार्ड आज बंद केलं, तर वयाच्या बाबतीत त्याचा फटका बसायचा झाला तर दहा वर्षांनी बसेल. तोवर बाकीची खातीही दहा वर्षांनी म्हातारी झालेली असतात. व्हँटेजस्कोअरसारखी दुसरी सूत्रं बंद खाती वयातून वगळू शकतात, म्हणून भीती सर्वस्वी खोटी म्हणता येत नाही. पण ‘इतिहास पुसला जातो’ हे खोटंच.

आपल्याकडेही बंद झालेलं खातं अहवालातून लगेच उडत नाही. पतविषयक माहिती किमान सात वर्षं जपावी, असं इथल्या नियमांत आहे. सिबिलचा अहवाल उघडून पाहिला तर चालू खात्यांबरोबर बंद खातीही दिसतात, आणि त्यांच्याखाली महिन्यांच्या चौकटीत किती दिवस उशीर झाला त्याचे आकडे. सगळीकडे 000 असेल तर ते बंद खातंसुद्धा तुमच्या बाजूने साक्ष देत राहतं. उलट, जुन्या कार्डावर कधी तीन महिने बिल थकलं असेल तर ते बंद करून डाग जात नाही. ‘कार्डच बंद करून टाकलं, आता काय दिसणार?’ असं समजणारे भेटतात. सगळं दिसतं.

वयाची भीती खरी ठरते ती एकाच गटासाठी. ज्यांच्या नावावर त्या एका कार्डाखेरीज दुसरं काहीच नाही, ना कर्ज ना दुसरं कार्ड, त्यांनी ते बंद केलं की अहवालात नवी नोंद पडायची थांबते. चांगलं वागल्याचा ताजा पुरावाच तयार होत नाही. फिकोला तर स्कोअर काढायलाच गेल्या सहा महिन्यांत कळवलेलं किमान एक खातं लागतं. आपल्याकडे असा माणूस काही वर्षांनी गृहकर्जाला गेला तर बँकेपुढे जुना, शिळा इतिहास असतो. पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी, नोकरी नुकतीच लागलेली, एकच कार्ड, तेही बिनफीचं: त्यांनी ते ठेवावं, महिन्याला मोबाइलचं बिल त्यावरून भरावं आणि विसरून जावं. नवं कार्ड मिळत नसेल तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड हा दुसरा रस्ता आहे.

मग कार्ड बंद करण्याचा विचार लांबणीवर टाकावा असा प्रसंग कोणता? माझ्या मते एकच: मोठं कर्ज दारात असताना. 2019 पासून किरकोळ कर्जांचे तरते व्याजदर रेपो दराला किंवा तशाच बाहेरच्या मापाला बांधले गेले. त्यावर बँक जो अधिभार लावते तो अनेक बँकांत स्कोअरच्या पायऱ्यांनुसार ठरतो. 50 लाखांचं कर्ज, 20 वर्षं, 8.5 टक्के दर, तर हप्ता सुमारे 43,390 रुपये येतो. दर 8.75 झाला तर सुमारे 44,185. महिन्याला 795 रुपयांचा हा फरक दर तसाच राहिला तर 20 वर्षांत 1 लाख 90 हजारांच्या घरात जातो. अठरा टक्के जीएसटी धरून 1,180 रुपये फी वाचवायची म्हणून कर्जाचा अर्ज करण्याच्या महिन्यातच 3 लाखांचं कार्ड बंद करणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. कर्ज मंजूर होऊन पैसे हातात पडेपर्यंत थांबावं.

आणि कर्ज दारात नसेल तर? मग स्कोअर 20-30 गुणांनी हलला म्हणून बिघडलं काय? तो काही मिरवण्याचा दागिना नाही. 790 आणि 765 यांत फरक पडतो तो कुणीतरी तुम्हाला पैसे द्यायला बसलं असेल तेव्हाच. कार्ड ठेवायचं की नाही हे त्याची फी, त्याचा उपयोग आणि आपला स्वभाव पाहून ठरवावं. हातात कार्ड असलं की ज्याचा खर्च दीडपट होतो, जो दर महिन्याला मिनिमम ड्यू भरून बाकीच्या रकमेवर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज सोसतो, त्याला ‘सिबिलसाठी कार्ड ठेवा’ असं सांगणं हे हितचिंतकाचं काम नव्हे. साडेतीन टक्के महिना म्हणजे वर्षाला 42 टक्के, आणि व्याजावर चढणारं व्याज त्याहून वेगळं. त्यापुढे स्कोअरचे दहा-वीस गुण म्हणजे किस झाड की पत्ती. फी माफ करा किंवा बिनफीच्या कार्डात बदलून द्या, असं मात्र बंद करण्याआधी एकदा विचारावं. बंद करण्याचं नाव काढलं की पुष्कळदा मिळते माफी. त्यावरून एक गोष्ट कळते, की पलीकडचा माणूस सिबिलची काळजी करतो ती तुमच्याकरता नव्हे. ग्राहक टिकवणं हे त्याचं काम असतं.

आता मूळ दुखण्याकडे येतो. कार्ड बंद ‘करणं’ आणि कार्ड बंद ‘होणं’ यांच्या मध्ये जो काळ जातो, त्यात नुकसान होतं.

ठरावीक नमुना असा. माणूस शेवटचं बिल भरतो, कार्ड कात्रीने कापतो आणि मोकळा होतो. पण आधीच्या महिन्यात थोडी रक्कम पुढे ढकललेली असते. स्टेटमेंट निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज पुढच्या स्टेटमेंटमध्ये येतं, शेदोनशे रुपये. किंवा कुठल्या तरी ओटीटीची वर्गणी त्या कार्डाला बांधलेली असते, ती कापली जाते. माणसाच्या लेखी कार्ड संपलं आहे, म्हणून तो मेल उघडत नाही. देय तारीख उलटते. तीन दिवसांहून जास्त थकबाकी राहिली की बँक ती ब्यूरोला कळवू शकते. पुढे उशिराचा दंड, त्यावर जीएसटी, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. वर्षभराने घरकर्जाच्या अर्जाच्या वेळी समजतं की दोनशे रुपयांपायी अहवालात 90 दिवसांचा उशीर नोंदला गेला आहे. वापराचं प्रमाण आणि खात्याचं वय या दोन्हींनी मिळून जे बिघडलं नसतं ते या दोनशे रुपयांनी बिघडतं.

म्हणून बंद करण्याची विनंती लेखी हवी, तिचा क्रमांक हवा, आणि त्याआधी कार्डावरचे हप्ते, वर्गण्या, विम्याचे ऑटो-पे दुसरीकडे हलवलेले हवेत. रिवॉर्ड पॉइंट वापरून टाकावेत, नंतर ते बहुधा बुडतात. कार्डावर ईएमआय चालू असेल तर तो आधी फेडावा लागतो आणि त्याला मुदतपूर्व फेडीचं शुल्क लागू शकतं.

नियम या बाबतीत ग्राहकाच्या बाजूने चांगले आहेत, ते माहीत मात्र फार थोड्यांना असतात. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2022 मध्ये कार्डांविषयीचे सविस्तर निर्देश काढले. त्यांनुसार थकबाकी नसेल तर बंद करण्याची विनंती कामाच्या सात दिवसांत पुरी झाली पाहिजे. हेल्पलाइन, ईमेल, वेबसाइटवरची ठळक लिंक, ॲप अशा मार्गांनी ती स्वीकारली पाहिजे. पोस्टानेच अर्ज पाठवा, असा हट्ट बँकेला धरता येत नाही. सात दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये दंड, आणि तो ग्राहकाला द्यायचा. बंद झाल्याचं ताबडतोब मेलने किंवा एसएमएसने कळवायचं. खात्यात ग्राहकाचे पैसे शिल्लक असतील तर ते त्याच्या बँक खात्यात परत करायचे.

त्याच निर्देशांत एक उलट बाजूचं कलमही आहे. वर्षाहून अधिक काळ कार्ड वापरलंच नाही, तर बँक ग्राहकाला कळवून ते बंद करण्याची प्रक्रिया सुरू करते. 30 दिवसांत उत्तर आलं नाही आणि देणं बाकी नसेल तर कार्ड बंद होतं, आणि त्यापुढच्या 30 दिवसांत ही गोष्ट ब्यूरोला कळवायची असते. ‘सिबिलसाठी’ म्हणून कपाटात ठेवून दिलेली कार्डं अशी आपोआप निकालात निघतात, तीही कदाचित घर घेण्याच्या ऐन मोक्यावर. ठेवायचं असेल तर वर्षातून दोन-तीनदा वापरायला हवं.

सगळ्यात घातक प्रकार वेगळाच आहे. थकलेल्या कार्डाच्या वसुलीसाठी फोन येतो: ‘दादा, 80 हजार कशाला भरताय? 35 भरा, कार्ड बंद करून टाकू.’ ऐकणाऱ्याला वाटतं, सुटलो. कार्ड बंद होतं हे खरं, पण अहवालात त्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ येत नाही, ‘सेटल्ड’ येतं. पुढच्या बँकेच्या नजरेत याचा अर्थ एवढाच, की या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. ‘रिटन-ऑफ’, म्हणजे बँकेने बुडीत धरलेलं खातं, हे याहून वाईट. ज्याला पूर्ण रक्कम खरोखरच झेपत नाही त्याने तडजोड जरूर करावी, व्याजाच्या भोवऱ्यात राहण्यापेक्षा ते बरं. पण आपण नेमकं काय पत्करतो आहोत हे त्याला त्या फोनवर सांगितलं जात नाही, ही लबाडी आहे. पुढे उरलेली रक्कम भरून ‘नो ड्यूज’ पत्र घेता येतं आणि नोंद बदलून घेण्यासाठी बँकेमागे लागता येतं. घरातल्या कुणाचं जुनं कार्ड असं ‘बंद’ झालं असेल तर अहवालात तो शब्द कोणता आहे हे आजच पाहावं.

अमेरिकेत स्थायिक होणाऱ्या मराठी मंडळींना एक फरक माहीत असलेला बरा. पुणे-ठाण्यातला 800चा स्कोअर तिथे सहसा उपयोगाला येत नाही, खातं शून्यापासून सुरू होतं. आपल्याकडे पत्नीच्या नावाचं ॲड-ऑन कार्ड साधारणपणे मुख्य धारकाच्याच अहवालात मोजलं जातं. अमेरिकेत अशा जोड-कार्डाची नोंद बऱ्याचदा दोघांच्याही अहवालात होते. म्हणून तिथे नवऱ्याने आपलं जुनं कार्ड बंद केलं तर त्यावर अवलंबून असलेल्या बायकोच्या कोवळ्या इतिहासालाही धक्का लागू शकतो. ॲड-ऑन बंद केल्याने भारतात बायकोच्या स्कोअरचं मात्र काही होत नाही.

थोडक्यात काय पाहायचं ते आता वाचकाला कळलं असेल; प्रश्न उरतो तो पाहण्याचा. चारही कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, हा नियम 2017 पासून आहे. आपला अहवाल आपण पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. कार्ड बंद झाल्याच्या तारखेपासून दीड-दोन महिन्यांनी तो काढावा. खात्यापुढे ‘क्लोज्ड’, शिल्लक शून्य आणि बंद झाल्याची तारीख, या तीन गोष्टी असल्या की काम झालं. नसतील तर ब्यूरोकडे आणि बँकेकडे तक्रार करावी. 30 दिवसांत ती सोडवली नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळण्याची तरतूद एप्रिल 2024 पासून लागू आहे. रिझर्व्ह बँकेने याच्या पुढचं पाऊल टाकायला हवं: कार्ड बंद झाल्याचा जो मेल बँक पाठवते, त्यातच ‘आम्ही ब्यूरोला तुमच्या खात्याची स्थिती अशी कळवली आहे’ ही एक ओळ लिहिणं सक्तीचं करावं.